घटस्फोटातील घराची वाटणी : हप्ते कोणी भरले, घर कोणी चालवले?

या महिन्यात मालमत्तेच्या वाटणीविषयीची पत्रे इतकी आली की बाकीचे विषय पुढील अंकासाठी राखून ठेवावे लागले. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक खुलासा सर्वांसाठीच करतो, कारण जवळपास प्रत्येक पत्रात तीच समजूत डोकावते. घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेतला निम्मा वाटा आपोआप बायकोचा, अशी तरतूद महाराष्ट्रात लागू असलेल्या कोणत्याही विवाह कायद्यात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नाही आणि नोंदणी विवाहाला लागू होणाऱ्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता त्याची ती, हाच इथला मूळ नियम आहे. आणि त्या नियमाला जिथे जिथे कायद्याने वा न्यायालयांनी मुरड घातली आहे, तिथेच न्याय्य वाटणीला वाव मिळतो. गोव्याची गोष्ट वेगळी आहे. तिकडच्या वाचक भगिनीचे पत्र पुढे घेतले आहे.

प्रश्न : आमचे लग्न २०१० साली झाले. २०१४ मध्ये आम्ही चिंचवडला दोघांच्या नावावर ५२ लाखांचा फ्लॅट घेतला. पदरचे १२ लाख घातले, त्यातले ५ लाख माझे होते. उरलेले ४० लाखांचे कर्जही दोघांच्या नावावर आहे. ३६ हजारांचा हप्ता यजमानांच्या खात्यातून जातो. किराणा, मुलाची फी, वीज, सोसायटीची देखभाल वर्गणी आणि सासूबाईंची औषधे हे सगळे माझ्या पगारातून होत असे. दोन वर्षांपूर्वी मी मुलाला घेऊन बाहेर पडले आणि भाड्याने राहते. आता परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याचे ठरले आहे; पण ते म्हणतात, "हप्ते मी भरले, तुझा हक्क फक्त ५ लाखांपुरता." आज फ्लॅटची किंमत ९६ लाख आहे आणि कर्ज २६ लाख शिल्लक आहे. माझा वाटा किती?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. दोघांनी मिळून घेतलेल्या स्थावर मालमत्तेतील वाटे ठरवण्याचा नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. करारात वेगळे काही लिहिलेले नसेल आणि किंमत दोघांच्या सामाईक पैशातून दिली असेल, तर त्या पैशात ज्याचा जितका वाटा तितकाच मालमत्तेत. वेगवेगळ्या पैशातून दिली असेल, तर ज्याने जितके दिले त्या प्रमाणात. आणि कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल, तर दोघांचे वाटे समान मानायचे. आपल्या यजमानांचा सारा भर यातल्या दुसऱ्या भागावर आहे. त्यांचा हिशेब मान्य केला, तर ५२ लाखांत आपले ५ लाख. म्हणजे कर्ज वजा जाता उरणाऱ्या ७० लाखांत आपल्या वाट्याला साधारण पावणेसात लाख येतात. निम्म्याने हिशेब केला तर ३५ लाख येतात. इतकी तफावत असताना घाईने सही करू नये, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या मते आपली बाजू कलम ४५ च्या पहिल्या भागात बसते. ज्या घरात एकाच्या पगारातून हप्ता जातो आणि दुसऱ्याच्या पगारातून घर चालते, त्या घरात पैसा दोन खात्यांत असला तरी तो सामाईकच असतो. किराणा, फी आणि औषधे यांचा भार आपण उचलला नसता, तर ३६ हजारांचा हप्ता त्यांच्या पगारातून सुखाने गेला असता का, हा प्रश्न न्यायालयात विचारता येतो आणि विचारावा. शिवाय कर्जाच्या कागदांवर आपली सही आहे. हप्ता थकला असता तर बँकेने आपल्यालाही नोटीस धाडली असती. ही जोखीम आपण इतकी वर्षे वाहिली आहे. मात्र हे सारे नुसते सांगून भागत नाही. २०१४ पासूनचे आपले खातेउतारे, शाळेच्या फीच्या पावत्या, सोसायटीची बिले आणि आपण दिलेल्या ५ लाखांचा माग, मग तो भविष्य निर्वाह निधी काढल्याचा असो वा मुदत ठेव मोडल्याचा, हे आधी गोळा करा. नोंदलेला खरेदी करारही पुन्हा नीट वाचा. त्यात दोघांचे वाटे "समान" असे लिहिलेले असतील तर पुढचा बराचसा वाद तिथेच संपतो.

आता न्याय्य तडजोड कशी दिसते ते आकड्यांतच मांडतो, कारण वाटाघाटीच्या बैठकीत हिशेबाचा कागद समोर असला की आवाज चढण्याचे प्रसंग कमी होतात. ९६ लाखांतून कर्जाचे २६ लाख वजा केले की ७० लाख उरतात, त्याचे निम्मे ३५ लाख. गेली दोन वर्षे पूर्ण हप्ता त्यांनी एकट्याने भरला, त्यातले आपल्या वाट्याचे दरमहा १८ हजार त्यांना मिळायला हवेत. हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण याच दोन वर्षांत पूर्ण घर त्यांनी एकट्याने वापरले. अशा फ्लॅटला महिना २२ हजार भाडे येत असेल, तर निम्मे ११ हजार आपले होतात. फरक राहतो महिना ७ हजारांचा, म्हणजे २४ महिन्यांचे १ लाख ६८ हजार. ते वजा केले की आपल्याला ३३ लाख ३२ हजार रुपये मिळावेत. यात थोडे इकडेतिकडे होईल, बाजारभावावरून घासाघीस होईल. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाकडून फ्लॅटचा अहवाल घ्या आणि त्याचा खर्च दोघांनी मिळून करा.

फ्लॅट ते ठेवणार असतील, तर सर्वांत मोठी मेख कर्जात आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात "यापुढे हप्ते पती भरेल" असे लिहिले, तरी ते बँकेवर बंधनकारक नसते, कारण बँक त्या प्रकरणात पक्षकारच नसते. उद्या त्यांनी हप्ते थकवले, तर बँक आपल्याकडेच येईल. म्हणून त्यांनी कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यावे आणि आपल्याला सहकर्जदार म्हणून मुक्त केल्याचे बँकेचे पत्र आणावे, ही अट समझोत्यात पहिल्या क्रमांकावर हवी. आपला वाटा त्यांच्या नावावर करून देणारा दस्त नंतर. तो कोणता करायचा, याबाबत बाजारात बरेच सल्ले मिळतात. राहते घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीस दिले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते (त्याशिवायचे आकार वेगळे), हे खरे आहे. पण बक्षीस म्हणजे मोबदल्याविना दिलेली वस्तू. ३३ लाख घेऊन केलेल्या दस्ताला बक्षीसपत्र असे नाव देणे हा आगीशी खेळ आहे. मोबदला घेऊन हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्रच करावे लागेल आणि त्यावर त्या वाट्याच्या बाजारमूल्यानुसार शुल्क लागेल. ते कोणी भरायचे, हे आत्ताच लिहून ठेवा.

परस्पर संमतीच्या अर्जात पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांचा थांबा असतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा थांबा योग्य प्रकरणात माफ करता येतो, असे सांगितले आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. त्यामुळे पैशांचा काही भाग अर्ज दाखल करताना आणि उरलेला अंतिम तारखेला न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने, अशी विभागणी ठेवावी. सगळी रक्कम "नंतर बघू" वर सोडू नका. मुलाच्या पोटगीचा मुद्दाही या हिशेबात मिसळू देऊ नका. "फ्लॅटचे पैसे घे आणि मुलाचे काही मागू नकोस" अशी अट समोर आली तर नकार द्या. मुलाचा निर्वाह हा मुलाचा हक्क आहे आणि तो आईने सोडून दिला तरी सुटत नाही.

प्रश्न : माझे लग्न होऊन २४ वर्षे झाली. मी कधी नोकरी केली नाही. सासू-सासऱ्यांचे आजारपण, दोन मुली, शेताकडची ये-जा हे सगळे पाहिले. सांगलीतले घर आणि दुकान यजमानांच्या नावावर आहे, गावी वडिलोपार्जित ६ एकर शेती आहे. माझे माहेरचे आणि सासरचे मिळून २८ तोळे दागिने सासूबाईंच्या बँक लॉकरमध्ये आहेत. यजमानांनी घटस्फोटाचा दावा लावला असून "तुझे इथे काहीच नाही" असे ते सर्वांदेखत म्हणतात. खरेच काही नाही का?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आहे, पण ते कुठे आहे हे ओळखायला हवे. यजमानांच्या नावावरील घर आणि दुकान यांत मालक म्हणून वाटा मागण्याचा थेट अधिकार आजच्या कायद्याने आपल्याला मिळत नाही. २४ वर्षे ज्या श्रमावर दुकान आणि शेती उभी राहिली त्या श्रमाची नोंद कोणत्याच उताऱ्यावर नसते. हा कायद्यातला मोठा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो दूर करण्याचा एक प्रयत्न झाला होता. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले. लोकसभेत मात्र ते कधी पार पडलेच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, गृहिणीच्या घरकामामुळेच पतीला कमावता आले, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिला समान वाटा आहे, असा निकाल दिला. तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण आपल्या वकिलांनी युक्तिवादात तो जरूर मांडावा.

आता दागिन्यांकडे वळू, कारण तिथे आपली बाजू सर्वांत भक्कम आहे. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी वा नातेवाइकांनी आपल्याला दिलेले दागिने हे आपले स्त्रीधन आहे आणि त्यावर पूर्ण मालकी आपलीच आहे. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले. सासरच्या लॉकरमध्ये ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही. ज्यांच्या ताब्यात ते आहे ते केवळ विश्वस्त आहेत, आणि परत देण्यास नकार दिला तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की स्त्रीधन ही पती-पत्नीची सामाईक मालमत्ता नसते; अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले, तरी परत करण्याची जबाबदारी त्याची राहते. त्या प्रकरणात महिलेला २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

पण "२८ तोळे" असे ठोकळ सांगून चालणार नाही. एका वहीत एकेक दागिना लिहा : पाटल्या, तोडे, मोहनमाळ, ठुशी, बुगड्या. प्रत्येकापुढे अंदाजे वजन, कोणी दिला, कोणत्या प्रसंगी दिला, सराफाची पावती आहे की नाही, आणि तो अंगावर असलेला फोटो कोणता, हे नोंदवा. लग्नाच्या अल्बमइतका चांगला साक्षीदार दुसरा मिळत नाही. मुलींच्या बारशाचे आणि नणंदेच्या लग्नाचे फोटोही काढून ठेवा, म्हणजे दागिना पुढेही आपल्याच वापरात होता हे दिसते. जुन्या पाटल्या मोडून नवा हार केला असेल, तर त्या मोडीची पावती शोधा; सोने तेच, रूप बदलले, इतके तीवरून सिद्ध होते. या यादीच्या आधारे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली स्त्रीधन परत मिळवण्याचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. लग्नाच्या निमित्ताने दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंचा निर्णय घटस्फोटाचे न्यायालयच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली करू शकते; "लग्नाच्या वेळी" या शब्दांत लग्नाच्या आधी वा नंतर, पण लग्नासंबंधाने दिलेल्या वस्तूही येतात, असे १९९७ मध्ये कदम विरुद्ध कदम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

घर आपल्या नावावर नसले, तरी विवाह टिकून असताना कायदेशीर प्रक्रियेविना तिथून आपल्याला कोणी हाकलू शकत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते "सामाईक निवासस्थान" ठरू शकते, असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच जुना निकाल बदलून सांगितले. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. म्हणून तो हाती असतानाच पुढची बोलणी करा.

मालकीची उणीव ज्यातून काही अंशी भरून निघते ती कायमस्वरूपी पोटगी होय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली न्यायालय दोघांचे उत्पन्न, मालमत्ता आणि वर्तन पाहून एकरकमी किंवा दरमहा रक्कम ठरवते, आणि त्या रकमेचा बोजा पतीच्या स्थावर मालमत्तेवर ठेवू शकते. आपल्याकडे शेती आहे, तेव्हा हे फार उपयोगाचे ठरेल. न्यायालयाने बोजा ठेवला की तलाठ्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात तो नोंदवून घ्या. जमीन परस्पर विकली गेली तरी घेणाऱ्याला तो बोजा माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही. यजमान उत्पन्न कमी दाखवतील, ही भीती सर्वच पत्रांत असते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून निर्वाहाच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात दुकानाचा जीएसटी, विमा, बँक खाती, वाहन, सारे येते. त्यातली खोटी माहिती उघड झाली तर खटला त्यांच्यावरच उलटतो.

एकरकमी घ्यावी की दरमहा? माझा कल एकरकमीकडे आहे, विशेषतः जिथे दरमहाच्या वसुलीसाठी पुन्हा पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील असे दिसते. करही पाहा : मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची प्राप्ती, म्हणजे करपात्र उत्पन्न नव्हे, असे मानले जाते, तर दरमहाची रक्कम उत्पन्नात धरली जाते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा; महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रश्न : मी फोंड्याची. आमचे लग्न २००९ मध्ये गोव्यात नोंदवले गेले, लग्नापूर्वी कोणताही करार केला नव्हता. वडिलांच्या निधनानंतर वाटणीत माझ्या नावावर काजूची बागायत आली. आता घटस्फोट होत आहे आणि नवरा त्या बागायतीत निम्मा वाटा मागतो. माझ्या वडिलांची जमीन त्याला कशी मिळेल?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपल्याला हे उत्तर आवडणार नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा १९६२ नंतरही चालू ठेवला गेला. लग्नापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर दांपत्याला मालमत्तेच्या सर्वसाधारण सामाईकतेची पद्धत लागू होते. त्या पद्धतीत लग्नापूर्वीची, लग्नानंतरची आणि वारशाने आलेली मालमत्ता एकत्र होऊन प्रत्येकाचा निम्मा वाटा ठरतो. वडिलांकडून आलेली बागायतही त्यातच येते. अपवाद म्हणून, ती ज्या दस्ताने आपल्याला मिळाली त्यात ती जोडीदाराच्या वाट्यात मिसळणार नाही अशी स्पष्ट अट आहे का, ते तपासून घ्या.

पण हाच नियम त्याच्या मालमत्तेलाही लागू आहे, हे विसरू नका. त्याच्या नावावरील घर, भूखंड, बँकेतील ठेवी, त्याला वारशाने मिळालेले, या सर्वांत आपला निम्मा वाटा आहे. सामाईक देणीही निम्मी निम्मी. प्रत्यक्ष वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेतून होते. २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा आता त्याला लागू आहे. त्यात सर्व मालमत्तेची यादी आणि मूल्य ठरते, त्यामुळे बागायत आपल्याकडेच ठेवून त्याबदल्यात त्याच्या मालमत्तेतला आपला वाटा तितका कमी करून घेणे शक्य असते. आपल्या वकिलांना याच दिशेने जायला सांगा. त्याची मालमत्ता महाराष्ट्रात किंवा अन्यत्र असेल, तर तीही यादीतून वगळू देऊ नका; गोव्याच्या रहिवाशाच्या वारशाबाबत गोव्याबाहेरील मालमत्तेलाही हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे, आणि त्याचा आधार इथे घेता येईल. जुनी प्राप्तिकर विवरणपत्रेही काढा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५अ प्रमाणे गोव्यातील अशा दांपत्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मे दाखवले जाते, त्यामुळे त्याचे भाड्याचे वा व्याजाचे उत्पन्न आपल्याच विवरणपत्रातून सापडू शकेल.

गोव्याच्या या पद्धतीचे गोडवे मुंबई-पुण्याकडील पुष्कळ लोक गातात. सांगलीच्या भगिनीसाठी ती वरदान ठरली असती, हे खरेच. फोंड्याचे पत्र वाचल्यावर समान वाटणी आणि न्याय्य वाटणी नेहमी एकच नसते हेही दिसते. ज्यांची लग्ने गोव्यात ठरली आहेत त्यांनी लग्नाच्या आधीच नोटरीकडे जाऊन मालमत्तेची कोणती पद्धत हवी ते ठरवावे. लग्नानंतर हा विचार करून उपयोग होत नाही.

प्रश्न : मी २०१७ मध्ये डोंबिवलीतील फ्लॅट पत्नीच्या नावावर घेतला, सर्व पैसे माझ्या पगार खात्यातून गेले. आता ती म्हणते, नाव माझे, घर माझे. मला कायद्याने काही करता येईल का? मित्र म्हणतात की हा बेनामी व्यवहार आहे, म्हणून तोंड उघडू नकोस.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मित्रांनी आपल्याला विनाकारण घाबरवले आहे. १९८८ च्या बेनामी व्यवहार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, आणि आपल्या ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला त्यात अपवाद दिला आहे. त्यामुळे फ्लॅटचा खरा मालक मी आहे, असा दावा आपण कौटुंबिक न्यायालयात करू शकता. पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद चालवण्याचा अधिकार त्या न्यायालयाला १९८४ च्या कायद्याने दिलेला आहे. मात्र पैसे आपण दिले एवढ्याने दावा जिंकला असे समजू नका. नवरा बायकोच्या नावावर घर घेतो तेव्हा ते तिच्या सुरक्षिततेसाठी दिलेले असू शकते, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे. खरेदीच्या वेळी महिलांना मिळणाऱ्या कर्जाच्या कमी व्याजदरासाठी नाव घातले असे म्हणणार असाल, तर त्या काळातील बँकेशी झालेला पत्रव्यवहार, कर्जाचा अर्ज आणि मालमत्ता कराच्या पावत्या जवळ हव्यात. माझा सल्ला असा की दावा लावण्याआधी समुपदेशकांसमोर पोटगी आणि फ्लॅट यांचा एकत्रित विचार व्हावा, कारण पत्नीला पोटगी द्यावी लागणार असेल, तर हाच फ्लॅट त्या रकमेत धरून वाद एकाच वेळी मिटू शकतो.

प्रश्न : घटस्फोट मागच्या वर्षी झाला. माझ्या भविष्य निर्वाह निधीवर आणि विम्यावर अजून माजी पतीचेच नामनिर्देशन आहे. हुकूमनाम्यामुळे ते आपोआप रद्द होते का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्यावर विसंबू नका. नामनिर्देशित व्यक्ती सहसा मालक नसते, पण पैसे आधी तिच्या हाती पडतात आणि मग आपल्या वारसांना तिच्याकडून ते वसूल करत बसावे लागते. निधीसाठी कार्यालयामार्फत, विम्यासाठी कंपनीकडे, बँक खात्यांसाठी शाखेत आणि फ्लॅटसाठी सोसायटीकडे, अशी चारही ठिकाणी नवी नामनिर्देशने याच महिन्यात द्या आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्या. मृत्युपत्र केलेले असेल, तर त्यातले नावही तपासा.